जेटीवर मासळी मोजणाऱ्याला विचारले जाणारे प्रश्न: मासळीचा हिशोब कोण ठेवतं, कसा आणि कशासाठी

गेली काही वर्षं मी कोकणातल्या जेट्यांवर मासळीच्या नोंदी घेतोय. वही, वजनकाटा, मोजपट्टी आणि आता मोबाइल घेऊन उभा असलेला माणूस दिसला की लोक विचारतातच. तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, विचारतात, मासे विकणाऱ्या मावश्या विचारतात, फिशरी कॉलेजची पोरं विचारतात, आणि मुंबईहून मासे घ्यायला आलेले लोक तर सगळ्यात जास्त विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न वर आहेत, अवघड खाली. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला तर प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. तुम्ही नेमकं काय लिहून घेता?

बोट आली की पहिलं बघतो की बोट कुठल्या प्रकारची आहे, ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी), पर्सनेट (थव्याला जाळ्याचा वेढा घालणारी), डोल (प्रवाहात पिशवीसारखं जाळं बांधणारी), गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं जाळं सोडणारी) की हूकवाली, कारण जाळं बदललं की मासळी बदलते. मग कुठली मासळी किती आली, ते जातवार. मग बोट किती दिवस बाहेर होती, जाळं किती वेळा मारलं, प्रत्येक वेळी किती तास पाण्यात होतं, किती वाव पाण्यात (वाव म्हणजे खोलीचं माप, साधारण सहा फूट) आणि साधारण कुठल्या दिशेला. भाव काय मिळाला ते लिलावावरून कळतं. आणि काही ठरावीक जातींचे थोडे मासे घेऊन त्यांची लांबी आणि वजन.

बहुतेकांना वाटतं की आम्ही फक्त किलो मोजतो. किलो हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि एकटा घेतला तर सगळ्यात फसवासुद्धा, का ते प्रश्न ५ मध्ये लिहिलंय.

२. हे काम करतं कोण? सगळे एकाच ऑफिसचे का?

नाही, आणि इथे खूप गोंधळ होतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था, जिला सगळे सीएमएफआरआय म्हणतात, ती १९४७ साली सुरू झाली, मुख्यालय कोचीला आहे आणि मुंबईत वर्सोव्याला तिचं केंद्र आहे. देशभरातल्या जेट्यांवर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज ही संस्था काढते. भारतीय मत्स्य सर्वेक्षण वेगळं, त्यांचं मुख्यालय मुंबईत, ते स्वतःच्या जहाजांनी समुद्रात जाऊन जाळं मारतात. तिसरं म्हणजे राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, परवाने आणि कायदा त्यांच्याकडे, आणि त्यांच्याही नोंदी असतात. हैदराबादची इन्कॉइस उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासे कुठे सापडतील त्याचा सल्ला देते, तो तुमच्यापैकी कितीतरी जण मोबाइलवर बघतात.

शिवाय काही वर्षांनी मच्छीमार गावांची गणना होते, घर, माणसं, बोटी, जाळी सगळं. २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं आणि मासळी उतरवण्याच्या १५२ जागा नोंदल्या होत्या. २०२५ च्या शेवटी झालेल्या गणनेत कागद सोडून मोबाइल ॲपवर माहिती भरली. घरी येऊन "किती पोरं, किती जाळी" विचारणारे ते गणनेवाले. जेटीवर रोजची मासळी बघणारे आम्ही वेगळे.

३. सगळ्या बोटी तर तुम्ही मोजत नाही, मग आकडा खरा कसा?

शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच की. फक्त शीत वरवरचं घ्यायचं नाही, पातेलं नीट ढवळून कुठलंही घ्यायचं, एवढीच अट.

देशात मासळी उतरवण्याच्या हजाराच्या वर जागा आहेत, रोज प्रत्येक जागी माणूस ठेवणं शक्यच नाही. म्हणून कुठली जेटी आणि कुठला दिवस हे चिठ्ठी टाकल्यासारखं निवडतात. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग, प्रत्येक भागात पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठीने निघतो आणि तिथून सलग सहा दिवस काम, दोन दोन दिवसांच्या जोडीने. मोठ्या बंदरांवर, म्हणजे ससून डॉक किंवा भाऊचा धक्का अशा जागी, जास्त दिवस.

जेटीवर गेल्यावर बोटींचाही नियम आहे. १५ किंवा त्याहून कमी बोटी आल्या तर सगळ्या बघायच्या. २० ते २९ असतील तर दोनातली एक, ३० ते ३९ ला तिनातली एक, ४० ते ४९ ला चारातली एक, असं वाढत जातं. समजा ४० बोटी आल्या, मी त्यातल्या १० बघितल्या आणि त्यांची मिळून ३,२०० किलो मासळी भरली, तर एका बोटीला सरासरी ३२० किलो आणि ४० बोटींना १२,८०० किलो. खरा हिशोब जाळ्याच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळा होतो, पण गाभा हाच.

यात एकच गोष्ट सांभाळायची असते, आणि नवीन पोरं इथेच चुकतात. जी बोट भरून आलीय, जिच्याभोवती गर्दी आहे, तिकडेच पाय वळतात. तिथे नंबर नसेल तर तिकडे जायचं नाही. कोपऱ्यात गपचूप लागलेली दोन टोपल्यांची बोट जर चौथी असेल तर तीच लिहायची.

४. रात्री आणि पहाटे मासळी उतरते तेव्हा तुम्ही कुठे असता?

हा प्रश्न बरोबर आहे. पद्धत अशी की पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ आम्ही जेटीवर असतो. मधल्या रात्रीची मासळी विचारून लिहितो, तांडेलांना, लिलाव करणाऱ्यांना, बर्फवाल्याला. म्हणजे त्या बारा तासांचा आकडा पूर्णपणे तुम्ही काय सांगता त्यावर उभा असतो.

मला बर्फवाला सगळ्यात उपयोगी पडलाय. कुठल्या बोटीने किती लाद्या घेतल्या हे त्याला पाठ असतं आणि त्याला कमीजास्त सांगण्यात काही फायदा नसतो.

५. किती तास जाळं मारलं, किती वाव पाण्यात होतो, हे कशाला विचारता? मासळी समोर दिसतेय की.

हे एक उत्तर सगळ्यांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

समजा एका वर्षी एका बंदरावर १० टन मासळी आली आणि ती आणायला बोटींनी मिळून १०० तास जाळं मारलं. पुढच्या वर्षी १२ टन आली. पेपरात बातमी येईल की मासळी वाढली. पण त्या १२ टनांसाठी जाळं २०० तास मारावं लागलं असेल तर? आधी तासाला १०० किलो मिळत होती, आता ६०. मासळी वाढली नाही, कमी झाली, फक्त आपण जास्त डिझेल जाळून, जास्त लांब जाऊन, जास्त दिवस राहून ती आणली. माझ्याजवळची टोपली भरलेली दिसते आणि समुद्र रिकामा होत असतो, आणि तासांचा आकडा नसेल तर हे कुणालाच कळत नाही, अगदी शेवटपर्यंत.

म्हणून मी एकाच तांडेलाला चारचारदा विचारतो की दादा जाळं किती वेळा मारलं. आधी एका दिवसात परत येणारे ट्रॉलर आता आठ दहा दिवस बाहेर राहतात, मग "एक फेरी" हा शब्द तेव्हाही तोच आणि आताही तोच, पण अर्थ किती बदलला बघा. फेऱ्या मोजून चालत नाही. तास लागतात.

वाव विचारतो कारण मासळी खोल पाण्यात सरकली की बोटी तिच्या मागे जातात. आठ वाव पाण्यात मिळणारा मासा वीस वावात मिळायला लागला, हे फक्त वाव लिहिले तरच दिसतं.

६. आज बोट रिकामी आली. नोंद कशाला करायची?

करायचीच. मी जर फक्त मासळी आणलेल्या बोटी लिहिल्या तर सरासरी फुगते आणि समुद्र आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतो. डिझेल गेलं, बर्फ गेला, खलाशांचे दिवस गेले आणि हाती काही नाही, हा त्या दिवसाचा सगळ्यात खरा आकडा आहे. रिकाम्या बोटीवरचे लोक बोलायच्या मनःस्थितीत नसतात हे मला माहीत आहे. तरी मी हळूच जाऊन उभा राहतो. "शून्य लिहितो नाखवा, पण तास सांगा" एवढंच म्हणतो. बहुतेक वेळा सांगतात.

७. मासे पट्टीवर ठेवून एक एक काय मोजता?

लांबीवरून माशांच्या वयाचा आणि पिढ्यांचा अंदाज येतो. एका क्रेटमधले शंभर बांगडे मोजले तर कळतं की सगळे एकाच आकाराचे आहेत की लहान मोठे मिसळलेले. मोठे मासे दरवर्षी कमी होत गेले आणि छोटेच राहिले तर समजायचं की वाढायच्या आत पकडले जातायत.

मोजायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. पापलेट, सुरमईची लांबी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत किंवा शेपटीच्या बेचक्यापर्यंत, आणि कुठली घेतली ते लिहायचंच, नाहीतर दोन वर्षांचे आकडे जुळत नाहीत. म्हाकुळाचं नुसतं धड मोजायचं, तंतू नाही. चिंबोरीची कवचाची रुंदी. शेवंडीच्या कवचाची लांबी.

आणि क्रेट निवडतानाही प्रश्न ३ मधलाच नियम. वर मोठे मासे लावलेले असतात, विकायला बरे दिसावेत म्हणून, ते साहजिक आहे. म्हणून मी क्रेट खालपासून रिकामा करायला सांगतो. एकदा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एका काकीने मला स्वतःच हात धरून दाखवलं की वरच्या थरात वीतभर बांगडे आहेत आणि तळाला बोटाएवढे. "हे लिही," म्हणाली, "वरचे कोण पण लिहील." त्या दिवशीची पट्टी अजून माझ्याकडे आहे, तिच्यावर खवले वाळून चिकटलेत.

८. पोट फाडून बघता आणि डोक्यातून काहीतरी काढता, ते काय?

पोटात गाभोळी किती भरलीय ते बघतो. मासा कुठल्या महिन्यात अंडी घालतो आणि किती लांबीचा झाल्यावर पहिल्यांदा घालतो, हे त्यातून कळतं. शंभरातले पन्नास मासे ज्या लांबीला अंडी घालायला तयार असतात ती लांबी महत्त्वाची, त्याच्या आत पकडलेला मासा म्हणजे बहुधा एकदाही अंडी न घालता गेलेला.

जठरात काय सापडलं तेही लिहितात. घोळीच्या पोटात कोळंबी निघाली, वाकटीच्या पोटात छोटी वाकटीच निघाली, असं करत करत कोण कुणाला खातो याचं जाळं तयार होतं. कोळंबीवर किती जातींचं पोट चालतं हे तिथेच कळतं, आणि मग एकट्या कोळंबीसाठी नियम करून भागत नाही हेही.

डोक्यातून काढतात तो कानातला खडा. ढोमा, घोळ यांचा चांगला मोठा असतो, बांगड्याचा अगदी बारीक. झाडाच्या खोडासारख्या त्यात रेषा असतात, त्यावरून वय. आपल्या उबदार पाण्यात वर्षाच्या रेषा स्पष्ट दिसत नाहीत म्हणून काही वेळा रोजच्या रेषा मोजाव्या लागतात, भिंगाखाली, डोळे दुखेपर्यंत.

यासाठी मासा विकत घेतात. फुकट उचलून नेत असेल कुणी तर त्याला विचारा.

९. एकाच माशाला चार नावं. तुम्ही लिहिता काय?

तुम्ही सांगता ते नाव लिहितो आणि शेजारी शास्त्रीय नाव. मालवणात मोरी म्हणतात ती मुंबईत मुशी. आणि मोरी हे एकाच माशाचं नाव नाहीच, छोट्या शार्कच्या कितीतरी जाती त्याच नावाने विकल्या जातात. तारली आणि पेडवे यावरून तर दोन गावांत वाद होतात. नुसतं "मोरी ४० किलो" असं लिहिलं तर त्यातल्या कुठल्या जाती संपत चालल्यात ते कधीच कळणार नाही. शार्कसारखे मासे हळू वाढतात, पिल्लं कमी देतात, त्यांच्याबाबतीत तर हे जास्तच जपायला हवं.

ओळख पटली नाही तर फोटो काढतो, शेजारी पट्टी ठेवून. जी मासळी सगळी एकत्र ढकलून फिशमीलला, म्हणजे सुकवून भुकटी करायला, जाते तिच्यातून एक टोपली घेऊन वेगळी करतो. बारीक मासे, पिल्लं, चिंबोऱ्यांची पिलावळ, सगळं निघतं त्यात. सगळ्यात घाणेरडं काम तेच आणि मला विचाराल तर सगळ्यात गरजेचं.

१०. खरं सांगितलं तर दंड होईल, डिझेलचा परतावा बंद होईल, याची भीती वाटते. काय सांगता?

भीती खोटी नाही. जेटीवर वही घेऊन उभा माणूस म्हणजे शासन, आणि शासन म्हणजे दंड, असंच इतकी वर्षं वाटत आलंय.

वस्तुस्थिती अशी की नमुना घेणाऱ्या संशोधन संस्थेच्या माणसाला दंड करायचा काही अधिकार नाही. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली कारवाई करतो तो राज्याचा अधिकारी. आमच्या नोंदीतून जे बाहेर येतं ते जिल्ह्याचं, राज्याचं, जाळ्याच्या प्रकाराचं, बोटीचं नाव त्यात येत नाही.

पण विश्वास एकदा गेला की गेला, हे मी स्वतः बघितलंय. सुरुवातीच्या काळात एका जेटीवर माझ्या आधी येणाऱ्या कुणीतरी वहीतली गोष्ट चहाच्या टपरीवर बोलून दाखवली होती, कुणाच्या बोटीने काय आणलं ती. मला पुढचं वर्षभर तिथे एकच उत्तर मिळत होतं, "दोन टोपल्या." बोट वाकलेली असायची आणि उत्तर दोन टोपल्या. मी तेच लिहून घेतलं नाही, शेजारी मला दिसलेले क्रेट मोजून लिहिले, आणि वर्षभर कुणाचं काही बाहेर बोललो नाही, तेव्हा कुठे एका तांडेलाने स्वतःहून हाक मारली. मासळी मोजायला शिकायला महिना लागतो. लोकांचा विश्वास कमवायला शिकायला फार वेळ जातो.

११. बोटीवर ट्रान्सपॉन्डर बसवला तर माझी जागा सगळ्यांना कळणार नाही का?

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला या योजनेची सुरुवात झाली, इस्रोच्या उपग्रहावर चालणारं यंत्र, देशभरात १ लाख बोटींवर बसवायचं ठरलंय. त्यातून बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर कळतं, संकटात संदेश पाठवता येतो, वादळाचा इशारा तिकडून येतो. शेजारच्या बोटीला तुमची जागा त्यातून दिसावी असा त्याचा हेतू नाही.

मासळीच्या हिशोबात उपयोग असा की बोट कुठे किती वेळ रेंगाळली ते कळतं, म्हणजे प्रश्न ५ मधले तास आठवणीवर अवलंबून राहणार नाहीत. पण माझं मत विचाराल तर आधी तो जीव वाचवण्यासाठी वापरला गेला पाहिजे, आणि माहिती कोण बघणार, कशासाठी, हे मच्छीमार सोसायट्यांना लेखी सांगितलं पाहिजे. न सांगता घेतलेला आकडा लोक पुढे बंद करतात.

१२. समुद्रातच फेकून दिलेली मासळी, किंवा दुसऱ्या राज्यात उतरवलेली, ती कुठे धरता?

फेकलेली जेटीवर येतच नाही, म्हणून आमच्या आकड्यात नाही. त्यासाठी बोटीवर माणूस जावा लागतो किंवा तांडेलाने लिहून ठेवावं लागतं. हा मोठा खड्डा आहे आणि तो लपवायचा नाही.

दुसऱ्या राज्याचं उत्तर सोपं. मासळी जिथे उतरली तिथे धरतात, बोट कुठली आणि पकडली कुठे ते वेगळं लिहितात. म्हणून आपल्या समोर मासेमारी करून बोट गुजरात किंवा कर्नाटकात गेली तर ती मासळी त्यांच्या आकड्यात दिसते, आणि उलटही होतं. राज्याराज्यांची तुलना करून "त्यांची वाढली आपली घटली" अशी भांडणं करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मासे काही राज्याची हद्द बघून पोहत नाहीत.

खलाशी घरी कालवणाला नेतात ती मासळी विचारून धरतो. थोडी वाटते, पण शंभर बोटींची मिळून कमी नसते.

१३. १ जून ते ३१ जुलै बंदीत तुम्हाला सुट्टी असते का?

नाही. बंदी यांत्रिक बोटींना आहे, ६१ दिवस. बिनयंत्राच्या होड्या चालू असतात, खाडीत मासेमारी चालू असते, तेही लिहायचं असतं. शिवाय बंदी उठल्यावरचा पहिला पंधरवडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या दोन महिन्यांत काय वाढलं ते तेव्हाच दिसतं. म्हणून ऑगस्टमध्ये मी पट्टी हातातून सोडत नाही.

१४. रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं) आणि खाडीतल्या तिसऱ्या, कालवं (शिंपल्यातले जीव) यांचं काय? तिथे तर जेटीला बोटच लागत नाही.

रापणीला बोटींऐवजी किती माणसं ओढायला होती आणि रापण किती वेळा लावली ते लिहितो. वाटे पडतात, त्या वाट्यांवरूनही बेरीज पडताळता येते.

तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या बहुतेक बायका. ओहोटीला चिखलात उतरतात, भरती लागायच्या आत वर येतात आणि थेट बाजारात जाऊन बसतात. जेटीवर येत नाहीत, म्हणून त्यांची मेहनत कुठल्याच वहीत नीट येत नाही. खाडीत भराव पडला, कारखान्याचं पाणी आलं आणि तिसऱ्या संपल्या तर नुकसान सिद्ध कशावर करणार? आकडाच नाही. मला ही आपल्या सगळ्या पद्धतीतली सगळ्यात मोठी चूक वाटते. जिथे जमतं तिथे मी बाजारात जाऊन मावशीच्या शेजारी बसतो आणि किती वाटे लावले, किती तास चिखलात होती, ते लिहितो.

१५. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क आला. सांगायचं की गप्प बसायचं?

सोडून द्यायचं आणि सांगायचं. व्हेल शार्क आणि समुद्री कासवं वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. जाळं कापून त्यांना सोडलं तर महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून भरपाईची योजना आहे, जास्तीत जास्त २५,००० रुपये. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ आणि कापलेलं जाळं हा पुरावा. त्यासाठी वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाशी बोलायचं.

हेच फोटो मग माहिती होतात, कुठला प्राणी कुठल्या महिन्यात, किती वावावर. एक नोंद काय करू शकते बघा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका कासविणीच्या पंखाला छोटा धातूचा बिल्ला लावला होता, तीच कासवीण २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. रात्री किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाने बिल्ल्यावरचा नंबर वाचला म्हणून कळलं, नाहीतर पूर्व किनाऱ्याचं कासव पश्चिमेला अंडी घालतं हे कुणी मानलं नसतं. म्हणून बिल्ला दिसला तर तो काढू नका, नंबरचा फोटो घ्या.

एक्स्पोर्टवाल्यांसाठी अजून एक कारण. कासव जाळ्यातून सुटायची सोय नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी बंद केली. तिथे "आमच्याकडे कासवं मरत नाहीत" असं नुसतं बोलून उपयोग नसतो, दाखवावं लागतं.

१६. तारली एखाद्या वर्षी गायब होते. म्हणजे आपण संपवली का?

सरळ हो किंवा नाही सांगता येत नाही, आणि म्हणूनच समुद्राची माहितीही लागते, नुसती मासळीची नाही. केरळात २०१२ ला तारली विक्रमी उतरली होती, जवळपास ४ लाख टन, आणि २०२१ ला फक्त ३,२९७ टन. मधल्या काळात एल निनो येऊन गेला, पाणी तापलं. तारली शेवाळासारख्या बारीक जीवांवर जगते, पाण्याचं तापमान आणि वाऱ्याचा जोर बदलला की तिचं खाणंच हलतं. त्यात पिल्लंही पकडली गेली तर मग सावरायला वेळ लागतो.

म्हणून तापमान, खारटपणा, पाण्याचा हिरवेपणा हे लांबीच्या नोंदींबरोबर जोडून बघतात. एका वर्षाच्या आकड्यावरून ओरडायचं नाही आणि एका चांगल्या वर्षावरून खूशही व्हायचं नाही. दहा वर्षांची रेघ बघायची.

१७. इतकं लिहून शेवटी होतं काय? फाइलीत जातं?

काही जातं, ते मी नाकारत नाही. पण काही झालंय. पर्सनेटवर महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश आला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत, तो डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावर आधारलेला होता. २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरली, सीएमएफआरआयच्या शिफारशीवरून. पापलेटची १३५ मिलिमीटर. हा आकडा कुणी मनाने लिहिला नाही, तो प्रश्न ८ मधल्या गाभोळीच्या तपासणीतून येतो. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, तेव्हा आता १३५ च्या आतलं पापलेट विकत घेणाऱ्यानेही जरा विचार करावा.

आणि उलटं पण होतं. २०२२ मध्ये देशातले १३५ साठे, म्हणजे एकेका भागातली एकेका जातीची मासळी, तपासले तेव्हा ९१.१ टक्के ठीक निघाले. म्हणजे आकडे फक्त बंदी आणत नाहीत, मासेमारी चालू ठेवायला आधारही देतात.

१८. आकडा एक सांगतो आणि आमचा अनुभव दुसरं. खरं कोणाचं?

दोन्ही तपासायचं. अनुभव एका पट्ट्याचा असतो पण खोल असतो, आकडा सगळ्या जिल्ह्याचा असतो पण पातळ. सातपाटीच्या म्हाताऱ्या तांडेलाने "पापलेट आता लांब गेलं" म्हटलं तर ते वावाच्या नोंदीत शोधायचं. नोंदीत नसेल तर आधी नोंदीवर शंका घ्यायची, मग त्याच्यावर. मी असा क्रम ठेवतो आणि मला अजून पस्तावायची वेळ आली नाही.

१९. आम्हाला मदत करायची असेल तर काय करू?

तांडेल असाल तर केबिनमध्ये एक शंभर पानी वही ठेवा. तारीख, निघाल्याची वेळ, जाळं किती वेळा आणि किती तास, वाव, काय मिळालं, काय फेकलं. रिकाम्या दिवशी पण लिहा, विशेष करून रिकाम्या दिवशी. पेन पाण्याने फुटतं म्हणून पेन्सिल वापरा. मोबाइलवर लिहायचं तर तसं लिहा, पण फोन पाण्यात पडला की वर्ष गेलं, तेव्हा महिन्याला एकदा फोटो काढून घरी पाठवा.

मासे विकणाऱ्या मावश्यांनी एखादा न ओळखता येणारा मासा दिसला तर बाजूला काढून बर्फात ठेवावा, आम्ही विकत घेतो. कॉलेजच्या पोरांनी एका जेटीवर एकच जात घ्यावी आणि वर्षभर दर आठवड्याला पन्नास मासे मोजावेत, एकाच वारी, एकाच पट्टीने. दहा जाती एक महिना मोजण्यापेक्षा एक जात बारा महिने मोजलेली कितीतरी कामाची.

आणि मासे घ्यायला आलेल्यांनी पट्टी नसली तरी हात वापरा. आपल्या हाताच्या वीतेची लांबी एकदा घरी मोजून ठेवा, मग बाजारात पापलेट तिच्यावर धरून बघता येतं.